डॅन्यूबची घोडवाट

डॅन्यूबचे किलोमीटर उगमापासून मोजत नाहीत, मुखापासून मोजतात. रुमानियात नदी काळ्या समुद्राला मिळते तिथे, सुलिनाला, शून्य. तिथून आकडा चढत चढत उगमाकडे येतो. जर्मनीच्या सीमेवर पासाऊ गावात तो २२२६च्या आसपास असतो. प्रवाहाबरोबर निघालं की काठावरच्या पाट्यांवर तो दर किलोमीटरला एकानं कमी होतो. व्हिएन्नाच्या मोठ्या पुलापाशी १९२९, बुडापेस्टला १६४७. हे आकडे बोटी हाकणाऱ्यांसाठी लावलेत, पण काठानं सायकल चालवणाऱ्यांच्या तोंडी ते पहिल्या दिवसापासून बसतात. समुद्र अजून किती लांब आहे, हे ज्याला तिथवर जायचंही नाही अशा माणसालाही रोज कळत राहतं.

मी आणि माझी धाकटी बहीण पासाऊहून निघून व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा करत बुडापेस्टपर्यंत गेलो. पासाऊ ते व्हिएन्ना हा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा टप्पा युरोपातल्या सर्वांत गजबजलेल्या सायकलवाटांपैकी एक. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या मार्गाचाच तो भाग आहे. त्या मार्गाच्या पश्चिम टोकाला ल्वार नदीची, राजवाड्यांमधून जाणारी सुमारे नऊशे किलोमीटरची वाट आहे. शिवाय ऱ्हाइन आहे, एल्ब आहे; आल्प्सपासून उत्तर समुद्रापर्यंत नदीकाठच्या सायकलवाटांचं जाळंच आहे. त्यांतली डॅन्यूब निवडली, कारण इथे पहिल्यांदाच सायकलवर सामान लादणारी माणसंही येतात आणि हजारो किलोमीटर मुरलेलीही. ती एकाच वाटेवर एकमेकांशी कशी वागतात, ते मला पाहायचं होतं. पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं ते असं: प्रवासातली सोबत माणसांच्या मोकळ्या स्वभावामुळे जमते असं आपण म्हणतो, पण तिच्यातला निम्मा वाटा तरी रस्त्याचा असतो. चांगला रस्ता अनोळखी माणसांना एकत्र आणतो, वाईट रस्ता सख्ख्यांनाही एकमेकांपासून तोडतो.

आणि हा रस्ता मुळात सायकलींचा नव्हे. तो घोड्यांचा.

आगबोटी येण्याआधी डॅन्यूबवरून मीठ, धान्य, दारूची पिंपं आणि लोखंड नावांतून जायचं. खाली जाताना पाणी वाहून न्यायचं. वर येताना मात्र नाव ओढावी लागे. जाडजूड दोरखंड बांधून घोड्यांचे ताफे काठानं चालायचे. मोठ्या काफिल्याला डझनांनी घोडे लागत. त्यांच्यासाठी पाण्याला अगदी लगटून वाट राखली होती. ऑस्ट्रियात तिला ट्रेपलवेग म्हणतात. १८३०च्या दशकापासून आगबोटींनी घोड्यांचं काम हळूहळू संपवलं. वाट उरली ती काठाची देखभाल करणाऱ्या सरकारी माणसांपुरती. १९८०च्या दशकात ती टप्प्याटप्प्यानं सायकलींना खुली झाली आणि काही वर्षांतच तिथे इतकी माणसं आली, की बंद पडत चाललेल्या गावच्या खानावळींना पुन्हा पाट्या रंगवाव्या लागल्या.

घोड्याला ओझं ओढायचं असेल तर चढ चालत नाही. म्हणून ही वाट सपाट. पासाऊची उंची समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या घरात, व्हिएन्नाची एकशे साठच्या. एवढ्या लांबवर उतार दीडशे मीटरही नाही, म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम अर्धा मीटर. पायाला तो जाणवत नाही, पण दिवसअखेर दम शिल्लक राहतो. त्यात या खोऱ्यात वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणजे खाली जाणाऱ्याच्या पाठीवरचा. परिणाम असा, की तिशीतला तगडा गडी आणि सत्तरीची आजी यांच्या वेगात घाटात जेवढं अंतर पडेल, तेवढं इथे पडत नाही. जो पुढे जातो तोही कुठेतरी कॉफी प्यायला थांबतो, मागचा त्याला गाठतो. बहुतेक सगळे एकाच दिशेला चाललेले. सकाळी होडीत भेटलेली माणसं दुपारी बाकावर भेटतात, संध्याकाळी त्याच खानावळीत. तिसऱ्या भेटीला कुणी नाव विचारतं.

पासाऊला तीन नद्या एकत्र येतात. आल्प्समधून आलेली इन हिरवट-दुधाळ, दलदलीच्या रानातून आलेली इल्झ काळपट आणि मधली डॅन्यूब. संगमाच्या टोकावर उभं राहिलं की तिन्ही रंग काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतात. पण मला तिथली जास्त लक्षात राहिली ती नगरपालिकेच्या इमारतीची भिंत. तिच्यावर महापुरांच्या खुणा वर्षांसह कोरल्यात. जून २०१३मध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. त्याहून वरची खूण १५०१ची. पुढे ग्राइन, क्रेम्स अशा गावांत काठावर जमिनीत बसवलेल्या लोखंडी खाचा दिसतात. पुराचा इशारा आला की त्यांत खांब उभे करून अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या सरकवतात आणि काही तासांत गावाभोवती भिंत उभी राहते. एरवी त्या खाचांवर सायकली टेकवून लोक आइस्क्रीम खात असतात.

पासाऊपासून चाळीसेक किलोमीटरवर श्ल्योगेनला नदी ग्रॅनाइटच्या डोंगराला अडून जवळजवळ उलट फिरते. इथे डाव्या काठावर कडा थेट पाण्यात उतरतो, घोडवाटही नाही. म्हणून एक छोटी होडी आहे, आणि ती नदी ओलांडत नाही. त्याच काठावर, पुढच्या वाटेच्या तोंडाशी नेऊन सोडते. नावाडी सायकली एकमेकींत हँडल अडकवून इतक्या सफाईनं रचतो, की बघत राहावं. सायकली दाटीत आणि माणसंही दाटीत. गुडघ्याला गुडघा लागल्यावर गप्प बसणं अवघडच असतं. हॉलंडमधलं एक निवृत्त जोडपं आम्हाला तिथे भेटलं. दोघंही शाळेत शिकवत होती. तिची इ-बाईक, त्याची साधी. त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली असूनही बॅटरी तिच्याकडे का, असं बहिणीनं सरळ विचारलं. ती म्हणाली, “तो हळू जातो आणि मला सतत थांबावं लागतं, मग चढावर पुन्हा सुरुवात करायला जोर मला लागतो.” इ-बाईकला नाकं मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला वाटतं, ज्या यंत्रामुळे नवरा-बायको, आजी-नातू एका वाटेवर बरोबर राहतात, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

नर्मदा परिक्रमेत मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, तिला ओलांडायचं नाही. इथे तसा नेम नाही. वाट दोन्ही काठांना आहे आणि कुठल्या काठानं जायचं हा रोजचा चर्चेचा विषय. ऊन कुठे कमी, बेकरी कुठल्या गावात, कुठल्या बाजूला मोटारींचा रस्ता जवळून जातो. धरणांच्या भिंतींवरूनही सायकल पलीकडे नेता येते. ऑस्ट्रियाच्या डॅन्यूबवर दहा जलविद्युत केंद्रं आहेत, त्यामुळे बऱ्याच टप्प्यांत नदी वाहते कमी आणि साचते जास्त.

खरी ओळख मात्र रस्त्यावर होत नाही. ती होते मुक्कामाच्या जागी, सायकलींच्या खोलीत. या वाटेवरच्या बहुतेक घरगुती पाहुणघरांत तळमजल्यावर किंवा जुन्या गोठ्यात अशी खोली असते. आम्ही राहिलो त्यांतली एक नीट आठवते. पूर्वी तिथे गायी बांधत. भिंतीतल्या लोखंडी कड्या तशाच होत्या आणि त्यांतून आता सायकलींची कुलपं ओवली होती. दाराशी मोठा उभा पंप. खिळ्याला चेनच्या तेलाची बाटली, जुनी फडकी, पाने अडकवलेली फळी. कोपऱ्यात चार्जरची रांग. वर दोरीवर सगळ्या देशांचे मोजे वाळत घातलेले. जेवणाच्या टेबलावर माणसं आपापल्या भाषेत बोलतात, पण इथे वाकून टायर दाबणाऱ्या माणसाशी कुणीही बोलतं. शब्द लागतच नाहीत फारसे. एक जर्मन बाप आपल्या दोन मुलांना घेऊन निघाला होता. धाकटीची छोटी सायकल त्याच्या मागच्या चाकाला दांडीनं जोडलेली, ती दमली की तिनं पाय वर घ्यायचे. त्या दांडीचा बोल्ट सैल झाला होता. हॉलंडच्या मास्तरांनी आपल्या पिशवीतून वायसर काढून दिला, एका झेक विद्यार्थिनीनं टॉर्च धरला, माझ्या बहिणीनं बोल्ट आवळला. आठ वर्षांच्या थोरल्यानं शेजारी उभं राहून सगळ्यांना सूचना दिल्या. दुसऱ्या दिवशी सगळे वेगवेगळ्या वेळी निघाले, पण दुपारी ती दांडी नीट आहे का, हे प्रत्येकानं त्या मुलीला थांबवून विचारलं.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये एकमेकांना घरी उतरवून घेण्याचीही रीत आहे. १९९३मध्ये सुरू झालेल्या ‘वॉर्म शॉवर्स’ या उपक्रमात लोक आपलं घर फक्त सायकलवरून आलेल्यांसाठी उघडं ठेवतात: आंघोळीला गरम पाणी, झोपायला जागा, पैसे नाहीत. परतफेड एवढीच, की पुढे कधीतरी आपणही कुणाला तरी उतरवून घ्यायचं. झेक मुलगी अशाच घरांतून मुक्काम करत चालली होती. मधल्या एखाद्याच रात्री ती पैसे मोजून राहायची, आणि म्हणायची, “यजमानाशी गप्पा माराव्या लागत नाहीत, ती माझी सुट्टी.”

लिंझ सोडल्यावर माउटहाउझेन येतं. रंगीत घरांच्या रांगा, काठावर बाक, जेवायला थांबावं असं टुमदार गाव. गावाच्या वर, डोंगरावर, नाझी छळछावणीची जागा आहे. १९३८मध्ये छावणी इथे उभारली, कारण इथे ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. माउटहाउझेन आणि तिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे एक लाख नव्वद हजार माणसांना डांबलं आणि त्यांतली किमान नव्वद हजार मेली. खाणीतून वर यायला १८६ पायऱ्या आहेत. कैद्यांच्या पाठीवर दगड लादून त्यांना त्या पायऱ्या चढायला लावायचे. वरचा कोसळला की खालच्यांना घेऊन कोसळे. ५ मे १९४५ रोजी अमेरिकी सैन्य पोचलं.

सायकलवाट खालून जाते. वर जायचं तर खडा चढ आहे आणि तो वाटेत लागत नाही, मुद्दाम चढावा लागतो. बरेच जण जात नाहीत. जर्मन बापानं मुलांना खाली आइस्क्रीमच्या दुकानात आमच्या ओळखीच्या मास्तरीणबाईंकडे ठेवलं आणि तो एकटा सायकल ढकलत वर आला. सामानासकट कुणालाच तो चढ पेडल मारत जमत नव्हता. छावणीच्या तटबंदीवरून डॅन्यूबचं खोरं लांबपर्यंत दिसतं: सुपीक शेतं, चर्चचे मनोरे. म्हणजे तिथूनही ही छावणी दिसतच होती. तो परत आल्यावर थोरल्यानं विचारलं, वर काय आहे. बापानं सायकल स्टँडला लावली, खाली बसला आणि त्याला सांगितलं. पूर्ण सांगितलं नसेल, पण टाळलंही नाही. नदीकाठच्या प्रवासाची छापील वर्णनं बहुतेक द्राक्षमळे आणि किल्ल्यांचीच असतात. माझ्या मते माउटहाउझेनचा चढ न चढता केलेली ही सफर अपुरी राहते.

ग्राइनच्या पुढे खोरं अरुंद होतं. इथले भोवरे आणि खडक पूर्वी नावाड्यांचा काळ होते. सुरुंग लावून खडक फोडले आणि नंतर धरणाच्या पाण्यानं उरलेसुरले झाकले. मग मेल्कचा पिवळा मठ कड्यावर दिसतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात याकोब प्रांडटाउअर या वास्तुविशारदानं त्याला आजचं रूप दिलं. तिथून क्रेम्सपर्यंतचा तीस-पस्तीस किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाऊ.

वाखाऊत धरण नाही. इथे नदी वाहते, आणि तिचा आवाज ऐकू येतो. १९७०च्या दशकात इथेही जलविद्युत केंद्र व्हायचं होतं. द्राक्षं आणि जर्दाळू पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी संघटित होऊन विरोध केला आणि तो वर्षानुवर्षं चालवला. २०००मध्ये युनेस्कोनं हा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. व्हिएन्नाच्या खाली हाइनबुर्गला तर डिसेंबर १९८४च्या कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं नदीकाठच्या जंगलात तंबू ठोकून बसली, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, आणि सरकारला नाताळच्या तोंडावर काम थांबवावं लागलं. तिथे १९९६मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. त्या जंगलातून वाट बांधावरून सरळसोट जाते. तिथे सावलीत थांबणाऱ्या प्रत्येकानं त्या थंडीत बसलेल्यांचे आभार मानायला हवेत. मी मानले.

वाखाऊत श्पिट्झ आणि आर्न्सडोर्फ या गावांमध्ये नदी ओलांडणारी एक तर आहे, तिच्यासाठी आम्ही मुद्दाम काठ बदलला. तिला इंजिन नाही. नदीच्या वर, उंच, या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी दोर ताणलेला. त्यावर कप्पी, कप्पीपासून तरीपर्यंत दुसरा दोर. नावाडी सुकाणू फिरवून तरीचं अंग प्रवाहाला तिरकं करतो. पाणी त्या तिरक्या अंगावर रेटतं, वरचा दोर तिला खाली वाहून जाऊ देत नाही, मग जायला उरते एकच दिशा: पलीकडे. परत येताना सुकाणू उलट. मोटारी, सायकली, कुत्री, बाया-बापडी घेऊन ती निघते तेव्हा धक्काही बसत नाही. काठ हलल्यासारखा वाटतो आणि मग कळतं की आपण हललो. आवाज फक्त कप्पीचा आणि पाण्याचा. हॉलंडच्या मास्तरांनी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं होतं. ते तरीच्या कठड्याला टेकून त्या आठ वर्षांच्या पोराला बलाचा समांतरभुज चौकोन बोटांनी हवेत काढून दाखवत होते, जर्मन मोडकी होती तरी पोराला पटत होतं. पलीकडे पोचल्यावर पोरगा उतरेना, म्हणून सगळेच पुन्हा एकदा जाऊन आले.

जुलै होता, जर्दाळू उतरवणं चालू होतं. शेताच्या कडेला टोपल्या ठेवलेल्या, शेजारी पैशांचा डबा, राखायला कुणी नाही. तिथले जर्दाळूचे उकडीचे गोळे, वर परतलेला पावाचा चुरा आणि पिठीसाखर, शाकाहारी माणसाला दोन जेवणं तारून नेतात.

व्हिएन्नाला बहुतेकांची वाट संपते. सायकली गाडीत चढवून लोक परत जातात. स्टेशनवर त्या बापाच्या धाकटीनं सगळ्यांच्या घंट्या एकेकदा वाजवून निरोप घेतला.

पुढे वाट विरळ होते आणि इतिहास जवळ येतो. मोराव्हा नदी डॅन्यूबला मिळते तिथे देविनचा किल्ला. १९८९पर्यंत या दोन नद्या म्हणजे पोलादी पडदाच होता. काठावर काटेरी तारा, पोहून पळू पाहणाऱ्यांवर गोळ्या. १० डिसेंबर १९८९ला ब्रातिस्लाव्हाची हजारो माणसं सीमा ओलांडून हाइनबुर्गपर्यंत चालत गेली, केवळ जाता येतं म्हणून. किल्ल्याच्या थोडं वर मोराव्हावर २०१२पासून एक पूल आहे, तो फक्त पादचारी आणि सायकलींसाठी. नाव स्वातंत्र्याचा पूल. त्यावर झेक मुलगी सायकलवरून उतरली. तिचे आजोबा-आजी कधी पश्चिमेला गेले नाहीत. जाऊ दिलं नाही म्हणून. ती पूल ओलांडून ऑस्ट्रियात गेली, परत स्लोव्हाकियात आली, पुन्हा गेली. कुणी पासपोर्ट विचारला नाही.

एस्टरगोमला हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांना जोडणारा पूल माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं डिसेंबर १९४४मध्ये उडवला. युद्धानंतर दोन्ही देश एकाच गटात होते, तरी तो २००१पर्यंत पुन्हा उभा राहिला नाही. मधली सत्तावन्न वर्षं तुटके खांब पाण्यात उभे होते. आता त्यावरून संध्याकाळी शाळकरी मुलं सायकलवर क्लासहून घरी जातात.

बुडापेस्टच्या अलीकडे तंबू ठोकायच्या एका जागेत काळ्या समुद्राकडून वर येणारं एक फ्रेंच जोडपं भेटलं. उन्हानं रापलेलं, पिशव्यांना ठिगळं. हॉलंडचे मास्तर आणि बाई तिकडेच, खाली निघाले होते. नकाशा गवतावर पसरला आणि देवघेव सुरू झाली. सर्बियात जेर्दापच्या घळीत नदी कड्यांमधून जाते, तिथे रस्त्याला बोगदे आहेत, आत दिवे नाहीत, मागचा दिवा चांगला हवा. रुमानियात कुत्री मागे लागली तर पळायचं नाही, उतरून सायकल मध्ये धरायची. गावातल्या विहिरीचं पाणी विचारून घ्यायचं, कुणी नाही म्हणत नाही. मास्तरीणबाई प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेत होत्या. मग फ्रेंच बाईनं पेन मागितलं आणि वरच्या टप्प्याबद्दल विचारायला लागली. धरणांवरून सायकल नेता येते का, मेल्कला तंबूची जागा कुठे, आणि श्पिट्झची ती बिनइंजिनाची तर संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालते. मास्तरांनी समांतरभुज चौकोनापासून सुरुवात केली.